अकरा शाफ्ट

आवाजाने लोखंडातली भेग शोधायचं मशीन लावून मी बाद ठरवलेला पहिला शाफ्ट चांगला निघाला. बेअरिंग ओढून काढलं, कोपरा पुसून पाहिला, काही दिसेना. मी म्हटलं, भेग आत असेल. मग जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या आवारात, मालकांच्या डोळ्यांदेखत, तो पॉवर हॅकसॉवर आधी आडवा कापला आणि निघालेला तुकडा उभा चिरला. तोंड चिंधीने पुसलं तर आत लख्ख लोखंड. टाचणीच्या टोकाएवढाही डाग नाही. मालक काही बोलले नाहीत. मुकादम बोलला, "भाऊ, तुमच्या टीव्हीत तं दिसून रायली होती ना?"

नवा शाफ्ट मी पदरचा करून दिला. ईएन-८ पोलादाचा दांडा आणि लेथवरचे दोन दिवस गेले. काढताना ठोकाठोकीत बेअरिंगची रिंग फुटली होती, तेही मीच आणलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आज किती भेटले?" मी हातपाय धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात निघून गेलो.

माझं वर्कशॉप हिंगणघाट-वडनेर रस्त्यावर आहे. दोन लेथ, एक शेपर, एक वेल्डिंग सेट आणि एक भाचा. उन्हाळ्यात ट्रॅक्टर-रोटाव्हेटरची कामं असतात आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत जिनिंगची. कापूस पाइपातून ओढून जीनपर्यंत न्यायला जिनिंगमध्ये मोठे पंखे असतात. त्या पंख्यांचे शाफ्ट मी बरीच वर्षं करतो आहे. लांबी ११८० मिलिमीटर, मधलं अंग ७५ चं, पुलीकडचं टोक ६० चं. त्या ६० वर आधी पुली बसते, तिच्यामागे ६३१२ नंबरचं बेअरिंग, आणि बेअरिंग जिथे टेकतं तिथे ६० चं अंग एकदम ७५ होतं. म्हणजे तिथे कोपरा आला. सगळी गोष्ट त्या कोपऱ्याची आहे.

तीन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात यातला एक शाफ्ट तुटला. पंख्याची पाती जाळीला घासून आवारभर आवाज गेला. माणसं चहाला बाहेर होती म्हणून निभावलं. तुटलेला तुकडा मालकांनी माझ्याकडे पाठवून दिला, सोबत चिठ्ठी नाही की फोन नाही. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानी होत्या. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. हे काय असतं ते मला ठाऊक होतं. शाफ्ट एका दिवसात तुटलेला नव्हता. भेग कोपऱ्यातून सुरू होऊन रोज थोडी थोडी आत सरकत होती, प्रत्येक थांबण्याची एक कमान मागे ठेवत. शेवटी उरलेल्या लोखंडाला भार पेलला नाही.

आणि कोपरा माझ्या हातचा होता. ६३१२ च्या रिंगेला आतून जेमतेम दोन मिलिमीटरची गोलाई असते. बेअरिंग नीट टेकायला शाफ्टच्या कोपऱ्याचा रेडियस त्याहून कमी ठेवावा लागतो. मी तो कमी करत करत शून्यावर आणला होता. टूलला टोकदार धार लावून कोपरा काटकोनात ओढायचो, दिसायला छान दिसायचा. ताण नेमका अशाच टोकदार खाचेत गोळा होतो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक आयटीआयमध्येच राहिलं.

वही काढली. त्याच पद्धतीने केलेले आणखी अकरा शाफ्ट बाहेर फिरत होते. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, एक राळेगावला. प्रत्येकाच्या तोंडावर माझा शिक्का, त्रिकोणात ठिपका.

अकराही ठिकाणी जाऊन "शाफ्ट काढा, मी चुकीचा केला आहे" म्हणायची हिंमत नव्हती, खोटं कशाला बोलू. आणि सीझनमध्ये पंखा उघडायचा म्हणजे एक लाइन बंद. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, शेतकरी रात्रभर गाडीखाली झोपलेले असतात. न उघडता आतलं कसं बघायचं, हा प्रश्न होता.

उत्तर वर्ध्याला मिळालं. आमच्या ओळखीतले एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी रुळांच्या अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने करायच्या तपासणीत. वर्धा-बल्लारशा लाइन आमच्या हिंगणघाटवरूनच जाते. लहानपणी आम्ही रुळावरून छोटी ट्रॉली ढकलत जाणारी माणसं पाहायचो. ट्रॉलीवर पाण्याचा डबा आणि रुळावर ठिबकणारं पाणी. आम्हाला वाटायचं रूळ थंड करतात. काका हसले. "पाणी नाई सोडलं तं आवाज लोखंडात शिरत नाई बावा. मधात हवेचा एक पदर आला की आवाज तिथूनच वापस." डब्याच्या चाकांच्या धुऱ्यांचीही तपासणी अशीच होते म्हणाले. चाक काढायचं नाही, धुऱ्याच्या उघड्या तोंडावर प्रोब, म्हणजे आवाज सोडणारं आणि ऐकणारं टोक, टेकवून आत बघायचं. माझ्या शाफ्टचंही तोंड पुलीच्या बाहेर उघडंच होतं.

पुढच्या महिन्यात एका बैलजोडीच्या किमतीत जुनं मशीन घेतलं. फ्लॉ डिटेक्टर म्हणतात. शाळेच्या पाटीएवढं, एका हातात धरता येतं, बॅटरीवर चालतं, त्यामुळे लोडशेडिंगचा प्रश्न नाही. सोबत वायरला जोडलेला प्रोब. प्रोबमध्ये एक स्फटिक असतो. त्याला विजेचा झटका दिला की थरथरतो, आणि थरथर त्याच्यावर आदळली की उलट वीज देतो. यातली वीज देण्याची करामत क्युरी बंधूंनी १८८० साली शोधली, आणि ती आता गॅस पेटवायच्या टिचकीच्या लायटरमध्येही असते. भाच्याला मी लायटर दाखवूनच समजावलं.

पहिले आठ दिवस स्क्रीनवरचा इको, म्हणजे परत आलेल्या आवाजाची खूण, नुसता नाचत होता. मी गतीचे आकडे बदलत बसलो, पुस्तक पालथं घातलं. शेवटी कळलं की वायर जोडापाशी आतून तुटली आहे आणि मनगट वळलं की संपर्क जातो. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. नवी वायर आणली.

मग नागपूरला या तपासणीचा क्लास केला. लेव्हल वन आणि टू मिळून ८० तास. बुटीबोरीच्या कारखान्यांतली, चंद्रपूरच्या ठेकेदारांकडची पोरं, आणि त्यांच्यात मी एकटा पंचेचाळिशीचा. परीक्षेआधी डोळ्यांची तपासणी होती. ३० सेंटिमीटरवरून बारीक अक्षरं वाचायची. तिथे मला चाळिशी लागल्याचं पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं व्हर्नियर अंदाजाने वाचत होतो की काय, देव जाणे. आणखी एक गंमत. ज्या अमेरिकी पद्धतीवर हे क्लास चालतात तिच्यात प्रमाणपत्र नोकरी देणाऱ्याने द्यायचं असतं. मी मालकही मीच आणि कामगारही मीच. सर म्हणाले, "मग स्वतःला जरा कडक तपासा."

मशीन नेमकं काय करतं ते सांगतो, कारण मुकादमाला ते टीव्ही वाटलं आणि पहिल्या दिवशी मलाही जवळपास तसंच वाटत होतं. त्यात चित्र दिसत नाही. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९२० मीटर पळतो. माझ्या ११८० च्या शाफ्टमध्ये तो शेवटच्या टोकाला आपटून परत यायला साधारण ४०० मायक्रोसेकंद लागतात. मशीन ती वेळ मोजतं, तिचं अंतर करतं आणि स्क्रीनवर तेवढ्या अंतरावर एक उभं टोक दाखवतं. इको तो एवढाच. तो भेगेचा, कोपऱ्याचा, की-वेच्या (पुली अडकवायच्या खाचेच्या) टोकाचा की आणखी कशाचा, हे मशीनला माहीत नसतं. त्याला शाफ्ट गोल आहे हेही माहीत नसतं.

हे मला आमच्याच पडवीत कळलं. पहिल्यांदा पूर्ण शाफ्टवर प्रोब ठेवला, ११८० वर मोठा इको आला. मागचं टोक. त्याच्या पुढे १२३७ वर आणखी एक. मी काकांना फोन लावला, "काका, एक भेग सापडली." "कितीवर?" मी आकडा सांगितला. "शाफ्ट केवढा?" तोही सांगितला. काका थोडं थांबून म्हणाले, "मंग भेग तं शाफ्टाच्या बाहेर हवेत हाय ना!" लांब गोल दांड्यात आवाज पसरत जाऊन बाजूला घासतो, तिथे त्यातल्या काहीचं आडव्या लहरीत रूपांतर होतं. ती लहर मंद असते, निम्म्याहून जरा जास्त वेगाची. ती दांडा आडवी पार करून पुन्हा सरळ लहर होते आणि उशिरा पोहोचते. पोलादात हा उशीर दांड्याच्या व्यासाच्या ०.७६ पट अंतराएवढा दिसतो. ७५ ला ०.७६ ने गुणा, ५७ येतात. ११८० अधिक ५७. आकडा जुळला तेव्हा मला लेथवर पहिला आटा बरोबर बसला होता त्या दिवसाएवढा आनंद झाला.

उन्हाळ्यात नमुना शाफ्ट केला. तीच मापं, तोच टोकदार कोपरा, आणि कोपऱ्यात तीन बाजूंना हॅकसॉच्या बारीक पात्याने काप घेतले. १, २ आणि ४ मिलिमीटर खोल. प्रोब १० मिलिमीटरचा, ४ मेगाहर्ट्झचा. तोंडाच्या मध्यावर लेथच्या सेंटरचं भोक असतं, तिथे प्रोब टेकत नाही, म्हणून कडेकडेने घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. ४ चा काप लगेच दिसला. २ चा दिसला, पण तो कुठे आहे हे मला आधीच माहीत होतं म्हणून दिसला. १ चा मी आजवर पाहिलेला नाही. त्यातून एक आकडा पक्का झाला. माझ्या हाताने, या मशीनने, दोन मिलिमीटरपर्यंतचं बोलता येईल. त्याखालचं कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

बघायचं मात्र बारीक तोंडाकडून. ६० कडून ७५ कडे जाणाऱ्या आवाजासमोर कोपऱ्याची भिंत येत नाही, वाट उलट रुंद होते. त्यामुळे २१० मिलिमीटरवर, म्हणजे कोपऱ्यापाशी, साफ शाफ्टमध्ये काही दिसायला नको. जाड तोंडाकडून बघितलं तर तीच भिंत आडवी येते आणि तिच्या इकोत भेगेचा इको लपून जातो. हे काकांनी न सांगता माझं मला सुचलं.

मे महिन्यात हे सगळं करणं शहाणपणाचं नव्हतं. पत्र्याखाली ४५ अंश. स्क्रीन दुपारी काळी पडायची म्हणून पहाटे चार ते आठ काम. लोखंड तापलं की आवाजाचा वेगही उतरतो, पण साध्या सरळ प्रोबला तेवढ्याने बिघडत नाही. काका तरी बजावत, "ब्लॉक आन् शाफ्ट एकाच सावलीत ठेव." ब्लॉक म्हणजे व्ही-वन, २५ मिलिमीटर जाडीचा मापाचा ठोकळा, ज्यावर मशीन आधी जुळवून घ्यायचं. काकांचा तो ठोकळा त्यांच्या देवघराशेजारी फडक्यात बांधलेला असतो. काकू त्याला हळदकुंकू लावत नाहीत एवढंच.

दसऱ्याला पहिल्या जिनिंगमध्ये गेलो. आवाज शिरायला प्रोबखाली ग्लिसरीन लावायचं असतं. क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं की जिनिंगमध्ये रुईचं तूस हवेत उडत असतं. ग्लिसरीन लावलं की क्षणात त्यावर तुसाची पांढरी साय धरते. प्रोबखाली तूस, तुसात हवा, आणि इको गायब. पुसलं, लावलं, परत तेच. पुसलेली तेलकट चिंधी मी बाजूला ठेवली तर मुकादम अंगावर धावून आला. जिनिंगमध्ये तेलकट चिंधी म्हणजे आगीला आवतण, शिवाय रुईला डाग. तेव्हापासून झाकणाचा डबा सोबत असतो, आणि तपासताना तोंडाभोवती ओला गमछा गुंडाळून आडोसा करतो.

तर त्या पहिल्या शाफ्टला २०८ वर इको आला. स्क्रीनच्या ४० टक्के उंच. घसा कोरडा पडला. कोपरा २१० वर, इको २०८ वर, आणखी काय पाहिजे? तोंडाभर फिरवला, सगळीकडे येत होता. मला वाटलं भेग चहूकडून आहे. पुढचं वर सांगितलंच आहे.

काकांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "बेअरिंग कसं बसवलं होतं?" गरम करून, घट्ट. "मंग?" मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रिंग इतकी आवळून बसली असेल तर थोडा आवाज शाफ्टमधून रिंगेत शिरतो आणि रिंगेच्या कडेवरून परत येतो. रिंगेची कड नेमकी कोपऱ्याला टेकलेली. म्हणजे भेग आणि घट्ट बसलेली रिंग, दोघी एकाच पत्त्यावर राहतात. रेल्वेच्या धुऱ्यांवर चाकाच्या बसणीपाशी असेच फसवे इको येतात आणि तिथले लोक ते ओळखूनच असतात. माझ्या नमुना शाफ्टवर मी बेअरिंग चढवलंच नव्हतं. सहा महिने अभ्यास केला तो नागव्या शाफ्टचा.

नमुन्यावर बेअरिंग गरम करून चढवलं आणि परत बसलो. रिंगेचा इको जवळपास सगळीकडे सारखा येतो, पसरट, आणि रिंगेच्या अलीकडच्या कडेवर, १७९ च्या आसपास, त्याचा जोडीदार असतो. कापाचा इको एका बाजूला चढतो, टोकदार असतो आणि प्रोब थोडा सरकवला की पडतो. हे नियम म्हणून कुणी घेऊ नये. भेग खरोखर चहूकडून सुरू झाली तर तीही सगळीकडे सारखी दिसेल. म्हणून माझ्याकडे आता तीन डबेही असतात. लाल रंग, पुसायचं आणि भेगेत शिरलेला रंग बाहेर ओढणारी पांढरी पावडर. इको एका बाजूला उठला तर बेअरिंग ओढा म्हणायचं, आणि बेअरिंग निघालं की रंग लावून डोळ्यांनी बघायचं. रंग पृष्ठभागापर्यंत आलेलीच भेग दाखवतो, पण माझी भेग सुरूच पृष्ठभागावर होते.

याच काळात टाक्यांच्या पत्र्याची जाडी मोजायचीही कामं यायला लागली, सरकीच्या तेलाच्या गिरण्यांतून. त्याला वेगळं छोटं गेज असतं, मोबाइलएवढं. काम सोपं, पण रंगावरून मोजलं तर पत्रा आहे त्यापेक्षा जाड दाखवतं, कारण रंगात आवाज हळू चालतो. एकाने ओतीव लोखंडाची पुली आणली, त्यात सगळ्या स्क्रीनभर बारीक बारीक इको. त्याला या धंद्यात ग्रासच म्हणतात. मी पुली वापस दिली आणि पैसे घेतले नाहीत.

वणीचा शाफ्ट मागच्या डिसेंबरात पाहिला. त्रिकोणात ठिपका, माझाच. ठिपका ठोकताना तोंडाला उंचवटा आला होता, तो आधी कानसीने सपाट करावा लागला. २१० वर दोन ते चार वाजण्याच्या दिशेत टोकदार इको, बाकी सगळीकडे पसरट बुटका. १७९ चा जोडीदार जागेवर. पुली हाताने अर्धी फिरवून परत पाहिलं, इको तोंडावरच्या खुणेसोबत फिरला. म्हणजे तो हात टेकवण्यातला फरक नव्हता. नमुन्यातल्या ४ च्या कापापेक्षा सहा डेसिबलने जास्त, म्हणजे दुप्पट उंच.

मालकांना सांगितलं. बाहेर बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग हायवेपर्यंत. ते म्हणाले, "होळीलोक चालते का सांग." मी म्हटलं, भेग किती खोल ते मला नक्की सांगता येत नाही, आणि किती दिवस चालेल ते तर मुळीच नाही. एवढं सांगतो की हा शाफ्ट मी केला आहे आणि कोपरा चुकीचा केला आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिव्या बसतात. त्यांनी मुकादमाला हाक मारून रात्री अकराला लाइन बंद करायला सांगितलं.

पहाटे दोनला बेअरिंग निघालं. कोपरा पुसला, लाल रंग लावला, थांबलो, पुसला, पावडर मारली. थंडीमुळे वेळ लागत होता. हळूहळू पांढऱ्यात एक लाल रेघ उमटली, जवळपास पाव गोलाईभर. मुकादमाने तिच्यावर नख फिरवलं. "हाताले तं काईच लागून नाई रायलं," तो म्हणाला, आणि परत एकदा फिरवलं.

अकरातले सहा साफ निघाले. ते उन्हाळ्यात उतरवून घेतले आणि कोपऱ्याला दीडचा रेडियस काढून दिला. एकाचं तोंड पुली ठोकून ठोकून इतकं फुलारलं होतं की प्रोबच टेकेना, तो न बघताच बदलला. राळेगावच्या जिनिंगला टाळं लागलेलं, तिथला पंखा भंगारवाल्याने वजनावर नेला. तो वितळला असेल तर बरंच.

उरला पांढरकवड्याचा. ज्यांना दिला त्यांनी पंख्यासकट जुनी मशिनरी विकून टाकली. घेणारा आदिलाबादकडचा, एवढंच तिथला चौकीदार सांगतो. दोनदा जाऊन आलो. तीन जिनिंगांत शाफ्टांची तोंडं पुसून पाहिली, कुठे त्रिकोण नाही. तिकडे तेलुगू आणि आपली मराठी दोन्ही चालते, त्यामुळे विचारायला अडचण येत नाही. काय शोधतो ते सांगितल्यावर लोक चहा देतात आणि मग हळूच आपापल्या पंख्यांचे शाफ्टही दाखवतात, दुसऱ्या कुणीतरी केलेले. मागच्या खेपेला त्यातच ग्लिसरीन संपलं. या दसऱ्याआधी परत जायचं आहे, तेव्हा दोन बाटल्या नेईन.